गंजाने खाल्लेले ट्रॅक: जंपर तारा, चांदीची शाई, कॉपर टेप आणि यूव्ही मास्क यांचं परीक्षण

आधी निकाल, कारण बरेच जण तेवढ्यासाठीच वाचतात. जुन्या गेम कन्सोलच्या बोर्डावरचा सिग्नल ट्रॅक, म्हणजे तांब्याची बारीक रेघ, तुटला असेल तर ०.१ मिमी जाडीची, सोल्डर धरणारी पॉलियुरेथेन इनॅमलची (पातळ विद्युतरोधक लेपाची) तार घ्या. पॉवरचा ट्रॅक असेल किंवा अंतर लांब असेल तर ३० गेजची कायनार (प्लास्टिकच्या आवरणाची) तार घ्या. चांदीच्या शाईचं पेन पीसीबीसाठी, म्हणजे बोर्डासाठी, घेऊ नका. कॉपर टेपला फार थोड्या जागी काम आहे. यूव्ही मास्क, म्हणजे अतिनील प्रकाशाने कडक होणारा संरक्षक लेप, हवाच, पण तो सर्वांत शेवटी. या यादीतली स्वस्तातली वस्तूच सर्वांत चांगली निघते, हे वाचून आश्चर्य वाटेल. कारण पुढे येईलच.

ट्रॅक खराब होण्याचं मूळ बहुतेकदा गळतीत असतं. सेगाचा गेम गिअर १९९०चा, एनईसीचा पीसी इंजिन ड्युओ १९९१चा. दोन्हींतले त्या काळचे एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेले) इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर गळतात, आणि सोल्डरिंगची बिट लागली की माशासारखा वास येतो. तो वास आला म्हणजे द्रव पॅडखाली (भाग सोल्डर करायच्या तांब्याच्या जागेखाली) पोहोचलेला आहे, असंच धरून चाला. २००१च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये घड्याळासाठी १ फॅरडचा कपॅसिटर आहे. १.० ते १.५ या आवृत्त्यांमध्ये तो गळून आजूबाजूचं तांबं खातो. त्या आवृत्त्यांमधून तो काढून टाकला तरी फक्त वेळ-तारीख लक्षात राहत नाही, बाकी कन्सोल चालतो. १.६ मध्ये मात्र कपॅसिटर वेगळ्या प्रकारचा आहे, त्याला हात लावू नये. याच एक्सबॉक्सवर पॉवर आणि इजेक्ट बटणांचे बारीक ट्रॅक गंजले की कन्सोल आपोआप चालू होतो, किंवा बटण दाबूनही प्रतिसाद देत नाही. निओ जिओच्या आर्केड बोर्डांवर ३.६ व्होल्टची रिचार्जेबल बॅटरी असते. ती फुटली की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बोर्डभर पसरतं, आणि हा सगळ्यांत वाईट प्रकार.

हे सांगण्याचं कारण, कोणतंही साहित्य किती टिकेल हे खालची घाण किती निघाली यावर ठरतं. चांगल्यातली चांगली तार गंजलेल्या तांब्यावर बसवली तर काही महिन्यांनी सांधा पुन्हा सुटतो, आणि मग दोष तारेला दिला जातो. बॅटरीची गळती अल्कधर्मी असल्यामुळे आधी साधं पांढरं व्हिनेगर कापसाच्या काडीने लावा, फेस थांबेपर्यंत. मग डिस्टिल्ड पाणी, मग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. व्हिनेगर बोर्डवर तसंच सोडलं तर तेही तांबं खातं, म्हणून पाण्याची पायरी गाळू नका. कपॅसिटरच्या गळतीला कोमट पाण्यात थोडा साबण घालून मऊ ब्रशने धुणं आणि नंतर अल्कोहोल पुरतं. धुतल्यावर बोर्ड पूर्ण वाळू द्या. मोठ्या चिपच्या आणि कार्ट्रिज स्लॉटच्या खाली पाणी अडकून बसतं.

बोर्डावरच्या मूळ हिरव्या लेपालाही मास्क म्हणतात. त्या मास्कखालचा ट्रॅक काळपट दिसतो म्हणजे तुटलाच असं नाही. उलट, चकाकणारा हिरवा मास्क आणि त्याखाली तांब्याचा मागमूसही नाही, असंही होतं. मास्क फुगलेला, सुरकुतलेला किंवा गडद हिरवा-काळा झालेला असेल तिथे तो खरवडून बघितल्याशिवाय काही कळत नाही. खरवडायला १५ नंबरचं गोल पातं घ्या. ११ नंबरचं टोकदार पातं तांब्यात घुसतं. पातं जवळजवळ आडवं धरून स्वतःकडे ओढा. गुलाबी, स्वच्छ तांबं दिसलं की त्याच्या पुढे अजून २ ते ३ मिमी जा. गंज मास्कखाली डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा पुढे गेलेला असतो. इथेच घाई होते आणि इथेच दुरुस्ती बिघडते.

खरवडण्यासाठी फायबरग्लास पेनही मिळतं. ते पात्यापेक्षा सोपं आहे, चिपच्या पायांच्या रांगेवर तर फारच उपयोगी. पण त्याचे काचेचे तंतू तुटून हाताला टोचतात आणि डोळ्यांत गेले तर त्रास होतो, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवा. तंतू उडू नयेत म्हणून जागा अल्कोहोलने ओली करून घासा. घासल्यावर तांब्याचा भुगा पायांच्या मधे बसतो. तो ब्रशने पूर्ण काढला नाही तर शॉर्ट मिळेल.

आता तारा. ०.१ मिमीला इतकं महत्त्व का, याचं कारण सरळ हिशेबात आहे. साधारण बोर्डावरच्या तांब्याचा थर ३५ मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ०.२ मिमी रुंदीच्या ट्रॅकचं छेदक्षेत्र ०.००७ चौरस मिमी. ०.१ मिमी तारेचं छेदक्षेत्र ०.००७८ चौरस मिमी. थोडक्यात, ट्रॅकमध्ये जेवढं तांबं होतं तेवढंच, किंबहुना किंचित जास्त, तारेत आहे. तिचा रोध मीटरला सुमारे २.२ ओहम, म्हणजे ३ सेंटिमीटरच्या जंपरला (तुटलेली जागा जोडणाऱ्या तारेला) ०.०७ ओहमही होत नाही. मेगा ड्राइव्हचा ६८००० प्रोसेसर ७.६७ मेगाहर्ट्झला चालतो, सुपर निन्टेंडोचा जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झला. या वेगांना काही सेंटिमीटरच्या तारेने काहीच फरक पडत नाही. अ‍ॅड्रेस किंवा डेटा लाइनला जंपर मारताना लांबीची काळजी करत बसू नका. एक्सबॉक्सच्या २०० मेगाहर्ट्झच्या डीडीआर मेमरीच्या ट्रॅकना मात्र हे लागू नाही. तिथे जंपर मूळ ट्रॅकच्याच वाटेने आणि तेवढ्याच लांबीचा असावा लागतो.

मोबाइल दुरुस्तीसाठी ०.०२ मिमीच्या रिळांची जंपर तार मिळते आणि अनेक जण तीच कन्सोलला वापरतात. ही शिफारस मला पटत नाही. ०.०२ मिमीचं छेदक्षेत्र ०.१ मिमीच्या पंचविसावा भाग. सेंटिमीटरमागे रोध अर्ध्या ओहमच्या पुढे जातो. मोबाइलच्या बोर्डावर ट्रॅक इतके बारीक असतात की तिथे दुसरा इलाज नसतो. गेम गिअरच्या बोर्डावर तशी गरज नाही. शिवाय ही तार बिटच्या धक्क्याने, कापसाच्या काडीच्या धाग्यात अडकून, अगदी साफ करतानाही तुटते.

रीळ घेताना एक गोष्ट तपासायलाच हवी: इनॅमल कोणत्या जातीचं आहे. पॉलियुरेथेन इनॅमल ३८० अंशांच्या आसपास बिटवरच्या सोल्डरच्या थेंबात धरलं की दोन-तीन सेकंदांत बुडबुडे येऊन जळतं आणि तार चकचकीत टिन होते, म्हणजे तिच्यावर सोल्डरचा थर बसतो. मोटर वाइंडिंगची उष्णतारोधक इनॅमल तार दिसायला अगदी तशीच असते, पण तिचं इनॅमल या तापमानाला हलत नाही. सोल्डर तारेभोवती बसलेलं दिसतं, आत संपर्क शून्य. म्हणून रीळ आणल्यावर आधी एक टोक टिन करून बघा. थेंबातून बाहेर काढल्यावर टोक चंदेरी दिसलं पाहिजे. नसेल तर टोक बारीक सँडपेपरने घासावं लागेल, आणि ०.१ मिमी तार घासताना निम्म्या वेळा तुटते. अशी तार परत करणंच बरं. पॉलियुरेथेन जळताना निघणारा धूर श्वासात घेण्यासारखा नसतो. समोर छोटा पंखा लावून धूर बाजूला खेचून घ्या.

जोडण्याची पद्धत अशी. खरवडलेल्या दोन्ही टोकांना फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं द्रव्य) लावून ६३-३७ सोल्डरने हलका थर द्या. हे सोल्डर १८३ अंशांना वितळतं, तर लेडविरहित सोल्डर २१७च्या पुढे. जुना ट्रॅक आधीच सैल झालेला असतो, त्याला जितकी कमी उष्णता तितकं बरं. बिट ३२० ते ३४० अंशांवर, स्पर्श दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही. तारेचं टोक आधी वेगळं टिन करा. इनॅमल जाळण्याचं काम बोर्डवर करू नका. पुष्कळ ट्रॅक इथेच उखडतात, कारण इनॅमल जळेपर्यंत लोक बिट पॅडवर दाबून धरतात. मग तार ट्रॅकवर आडवी, समांतर झोपवा. किमान २ मिमी लांबीभर तांब्याला चिकटली पाहिजे. फक्त टोकाला टोक लावलेला सांधा दिसायला नीटनेटका असतो, पण बोर्ड जरा वाकला की जातो. एक बाजू जोडली की चिमट्याने तार मूळ ट्रॅकच्या वळणांवर बसवा, दुसरं टोक मापून कापा, टिन करा, जोडा. तार ताणून बसवू नका. किंचित सैल असू द्या, कारण बोर्ड गरम-थंड होताना सांध्यावर ओढ येते.

खराब भाग एक सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर खाल्लेल्या ट्रॅकवर जोडण्याचा नाद सोडा. ट्रॅक ज्या दोन जागी संपतो ते पाय शोधा, म्हणजे चिपचा पाय, रेझिस्टरचं टोक किंवा चांगला व्हाया (बोर्डाचे थर जोडणारं, आतून तांब्याचं भोक), आणि सरळ तिथून तिथे जंपर मारा. चिपच्या पायाला असणारी पकड ३५ मायक्रॉनच्या सोललेल्या पट्टीला कधीच येत नाही.

व्हायांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण गळतीचं द्रव त्यांच्या भोकात साठतं. वरचं कडं चमकतं, खालचंही चमकतं, आणि आतली नळी गंजून गेलेली असते. दोन थरांच्या बोर्डावर हे सोपं आहे: भोकातलं सोल्डर काढा, बारीक सुईने किंवा ०.३ मिमीच्या ड्रिलने हाताने फिरवत साफ करा, ०.१ मिमीची तार आरपार घालून दोन्ही बाजूंना झोपवून सोल्डर करा. अधिक थरांच्या बोर्डावर ड्रिल फिरवणं टाळा. आतल्या थराशी असलेला संपर्क तुटला तर तार आरपार घालून तो परत येत नाही. तिथे बाहेरून जंपर हाच मार्ग.

कायनार तार ३० गेजची, आतला तांब्याचा गाभा ०.२५ मिमीचा, एकच जाड धागा. छेदक्षेत्र ०.१ मिमी तारेच्या सहापटीहून जास्त. १ मिमी रुंदीच्या पॉवर ट्रॅकमध्ये ०.०३५ चौरस मिमी तांबं असतं, या तारेत ०.०५. म्हणून पॉवर, ग्राउंड आणि बोर्डाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाणारे लांब जंपर यांना ही उत्तम. वेगवेगळ्या रंगांत मिळते, त्यामुळे चार-पाच जंपर असतील तर नंतर शोधायला सोपं जातं. दोष दोन. उष्णतेने तिचं आवरण मागे सरकतं आणि १ मिमी सोललेली तार ३ मिमी उघडी पडते, म्हणून टिन करताना झटपट काम करा. आणि सोलताना गाभ्यावर पात्याचा चरा पडला तर तार नेमकी तिथेच तुटते. ३० गेजचं छिद्र असलेलं स्ट्रिपर घ्या, नखाने किंवा ब्लेडने सोलू नका. ०.५ मिमी अंतराच्या चिपच्या पायांवर ही तार घेऊन जाऊ नका, शेजारच्या दोन पायांना सोल्डरचा पूल होणारच.

चांदीच्या शाईच्या पेनचा प्रचार फार आहे. एक रेघ ओढा, ट्रॅक तयार. कागदावर एलईडी पेटवून दाखवणं सोपं आहे. पण कन्सोलच्या बोर्डावर ही शाई तीन कारणांनी नापास होते. वाळल्यावर तिचा रोध तांब्याच्या कित्येक पट असतो, आणि रेघेची जाडी हाताने ओढताना कधीच सारखी राहत नाही. तिला सोल्डर धरत नाही. बिट लावली तर शाई पॅडवरून उठून बिटला चिकटते, म्हणजे पुढची खरी दुरुस्तीही अवघड होते, कारण आधी ती सगळी खरवडावी लागते. आणि ओलावा व व्होल्टेज एकत्र आले की चांदीचे कण शेजारच्या ट्रॅककडे सरकत जातात, आज चाललेला बोर्ड पुढे शॉर्ट होऊ शकतो. एकाच जागी हे पेन योग्य आहे: प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर छापलेले बटणांचे ट्रॅक. तिथे सोल्डर करताच येत नाही, फिल्म वितळते, आणि प्रवाहही नगण्य असतो. फिल्म आधी अल्कोहोलने पुसा, दोन पातळ थर द्या, मधे पूर्ण वाळू द्या.

कॉपर टेपची अडचण तिच्या गोंदात आहे. बिट लागताच गोंद वितळतो आणि पट्टी सरकते. गोंद वाहक आहे असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी त्या संपर्कावर विसंबू नका, प्रत्येक कड सोल्डर करायची असेल तर मग टेप कशाला, असा प्रश्न उरतोच. शिवाय ०.३ मिमीची पट्टी सरळ कापणं कुणाच्या हाताने जमत नाही. मोठ्या ग्राउंडचा तुकडा गंजून गेला असेल, किंवा शील्डची कड जोडायची असेल, तिथे ही टेप सोयीची. मागे उष्णतेने घट्ट होणारा गोंद असलेले तयार ट्रॅक आणि पॅड मात्र वेगळीच गोष्ट आहे. व्यावसायिक दुरुस्तीच्या आयपीसी-७७११/७७२१ या मानकातल्या पद्धतींशी जुळणारं हे साहित्य आहे. उखडलेलं पॅड किंवा कार्ट्रिजच्या कडेची पट्टी परत बसवायची असेल तर याला पर्याय नाही, कारण तार कितीही छान बसवली तरी स्लॉटच्या पिनेला घासायला सपाट पृष्ठभाग लागतो. पण बिटला खास दाबणारं टोक लागतं आणि साहित्य खर्चिक आहे. एका कन्सोलसाठी घेण्यासारखं नाही; नियमित काम करणाऱ्याने जरूर घ्यावं.

फ्लक्सवर फार न लिहिता एवढंच: सिरिंजमधला नो-क्लीन जेल किंवा रोझिनचा चांगला पेस्ट. नळकामाचा झिंक क्लोराइडचा फ्लक्स बोर्डाच्या जवळही नको. नामांकित फ्लक्सच्या नकली सिरिंज बाजारात फार आहेत. ओळखायला टाकाऊ बोर्डवरच्या दोन जवळच्या पॅडमध्ये फ्लक्स टाकून गरम करा, थंड झाल्यावर मल्टिमीटरच्या सर्वांत वरच्या ओहम रेंजवर मोजा. काहीही वाचन आलं तर ती सिरिंज वापरू नका. आणि नाव नो-क्लीन असलं तरी मास्क लावायच्या आधी तो धुवावाच लागतो.

मास्कच्या आधी चाचणी. कंटिन्युइटीच्या बीपवर विश्वास ठेवू नका. पुष्कळ मीटर ३० ते ५० ओहमपर्यंत बीप देतात, म्हणजे जेमतेम टेकलेला ड्राय सोल्डरही बीप देऊन पास होतो. २०० ओहमच्या रेंजवर ठेवा, आधी दोन्ही प्रोब एकमेकांना लावून त्यांचा रोध बघा, तो साधारण ०.२ ते ०.५ ओहम असतो, आणि जंपरच्या वाचनातून तो वजा करा. छोट्या जंपरला ०.१ ओहमपेक्षा जास्त उरलं तर सांधा पुन्हा करा. प्रोब सांध्यावर ठेवू नका, ट्रॅकच्या खऱ्या टोकांवर, म्हणजे चिपच्या पायावर ठेवा. पायावर दाबून नाही, कारण दाबल्याने सुटलेला पाय तेवढ्यापुरता टेकतो. वाचन बघत बोर्ड बोटाने हलकेच वाकवा. आकडा उड्या मारत असेल तर कुठेतरी भेग आहे. मग प्रत्येक जंपरचं त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांशी आणि ग्राउंडशी शॉर्ट नाही ना ते मोजा. हे सगळं झाल्यावरच पॉवर द्या.

यूव्ही मास्क हिरवा घ्या. काळा दिसायला छान, पण काळा रंगच प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे वरचा पापुद्रा कडक होतो आणि खालचा भाग ओलाच राहतो. हिरव्यातही जाड थेंब टाकला तर तेच होतं. सुईच्या टोकाने अगदी पातळ थर पसरा, ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली दोन मिनिटं धरा, मग दुसरा थर. नखाने दाबून खूण पडत असेल तर अजून वेळ द्या. खाली फ्लक्सचा अंश किंवा न वाळलेलं अल्कोहोल असेल तर मास्क फुगतो आणि पापडासारखा निघतो. मास्क हा गोंद नाही, हे लक्षात ठेवा. तार सैल उडत असेल तर ती आधी नीट बसवा किंवा दोन भागांच्या इपॉक्सीचा ठिपका द्या. मास्क तिला धरून ठेवेल अशी अपेक्षा करू नका. कॅप्टॉन (उष्णता सोसणारी) टेप फक्त तात्पुरती. तिचा गोंद कालांतराने कोरडा पडतो आणि तार मोकळी होते.

कच्चा मास्क त्वचेला लागू देऊ नका, त्याची अ‍ॅलर्जी एकदा सुरू झाली की दर वेळी त्रास देते. हातमोजे घालूनच काम करा, आणि सांडलेला मास्क पुसलेला कापूस कचऱ्यात टाकण्याआधी टॉर्चखाली कडक करून घ्या. सिरिंज वापरून झाली की टोपण लावून अंधाऱ्या डब्यात ठेवा. खिडकीतल्या उजेडात राहिली तर सुईतला मास्क आतल्या आत घट्ट होतो.